काउंटीने औषधांची योजना बदलली; आम्ही बाहेर पडावे का?

वाचकाचे पत्र

मी ६८ वर्षांचा असून अमेरिकेतील एका काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) पाणीपुरवठा विभागात अभियंता होतो. २०२४ च्या अखेरीस मी निवृत्त झालो आणि पत्नी (वय ६६) यंदाच्या जूनमध्ये खासगी नोकरीतून निवृत्त झाली. आम्हा दोघांना मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्यविमा) आहे आणि जोडीला काउंटीचा निवृत्तांसाठीचा आरोग्यविमा व औषधयोजना आहे. मी एलिक्विस, जार्डियन्स आणि काही साध्या गोळ्या घेतो. पत्नीला संधिवातासाठी दर आठवड्याला एन्ब्रेलचे इंजेक्शन लागते.

ऑक्टोबरमध्ये काउंटीचे पत्र आले. १ जानेवारी २०२६ पासून सध्याची औषधयोजना बंद होऊन तिच्या जागी ‘मेडिकेअर पार्ट डी’ची, म्हणजे मेडिकेअरच्या औषधविम्याची, गट योजना येईल, को-पे (दर वेळी औषध घेताना आपण भरायची रक्कम) साधारण तेवढाच राहील आणि आम्हाला काहीही करावे लागणार नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या निवृत्तीच्या कागदांत ‘आपले औषधसंरक्षण क्रेडिटेबल (पार्ट डीच्या तोडीचे) आहे’ अशी नोटीस होती, आणि सध्याच्या कार्डावर मेडिकेअरचा उल्लेख नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात भेटलेला एक ओळखीचा एजंट म्हणाला की, काउंटीच्या भरवशावर राहू नका, मी तुम्हाला शून्य प्रीमियमची योजना देतो. एक मित्र म्हणतो की, दरवर्षी पुण्याला जाताच, तर तिकडून गोळ्या आणा आणि हे सगळे सोडून द्या. आम्ही १० डिसेंबरला पुण्याला निघत आहोत आणि एप्रिलच्या मध्याला परतू. २०२४ मध्ये दोघांचे मिळून करपात्र उत्पन्न सुमारे २,३०,००० डॉलर होते. आता ते निम्म्याहून कमी आहे. इतकी वर्षे नोकरी केल्यावर काउंटी आता काखा वर करते आहे का, आणि आम्ही काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. आपण जोडलेल्या पत्राच्या प्रतीवरून काउंटी काखा वर करते आहे असे मला दिसत नाही. ती योजनेचा खर्च स्वतःच्या खिशातून कमी आणि मेडिकेअरच्या खिशातून अधिक भागविण्याची सोय करते आहे, आणि २०२६ सालापुरते तरी या सोयीत आपला तोटा नसून थोडा फायदाच आहे. आपले खरे नुकसान होण्याचा मार्ग एकच आहे. तो म्हणजे येत्या काही आठवड्यांत आपण स्वतःच एखाद्या कागदावर सही करून या योजनेबाहेर पडणे.

हा बदल का होतो आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मेडिकेअरचा कायदा १९६५ साली झाला, परंतु दुकानातून घ्यावयाच्या रोजच्या औषधांचा खर्च त्यात नव्हता. तो पार्ट डीच्या रूपाने, २००३ च्या कायद्यान्वये, १ जानेवारी २००६ पासून आला. तोपर्यंत ज्या राज्यांनी, शहरांनी, काउंट्यांनी आणि शाळा मंडळांनी आपल्या निवृत्तांना औषधांचे संरक्षण दिले होते, ती सर्व मंडळी आता सरकारकडे बोट दाखवून आपल्या योजना बंद करतील, अशी कायदा करणाऱ्यांना रास्त भीती होती. म्हणून त्यांनी एक आमिष ठेवले: मालकाने आपली योजना चालू ठेवली आणि ती पार्ट डीच्या किमान तोडीची असली, तर प्रत्येक निवृत्ताच्या औषधखर्चातील ठरावीक मर्यादांमधल्या रकमेचा २८ टक्के भाग केंद्र सरकार मालकाला परत देईल. निवृत्ताला यातले काही दिसत नाही. कार्ड जुनेच, दुकान जुनेच, फक्त काउंटीच्या खजिन्यात वर्षाकाठी एक धनादेश येतो. निवृत्तीच्या कागदांत ‘आपले औषधसंरक्षण क्रेडिटेबल आहे’ अशी नोटीस होती असे आपण लिहिता आणि कार्डावर मेडिकेअरचा उल्लेख नाही असेही सांगता. त्यावरून आपली काउंटी आजवर याच पद्धतीने चालत असावी.

दुसरी पद्धत म्हणजे आता आपल्याकडे येणारी गट योजना. तीत काउंटी एखाद्या विमा कंपनीशी किंवा औषधलाभ व्यवस्थापक कंपनीशी करार करून केवळ आपल्या निवृत्तांसाठी पार्ट डीची योजना उभारते, मेडिकेअर त्या योजनेला दरमहा दरडोई रक्कम देते, आणि मूळ पार्ट डीपेक्षा जे अधिक द्यायचे ते काउंटी वरून भरते. ‘को-पे साधारण तेवढाच राहील’ असे पत्रात म्हणता येते ते या वरच्या थरामुळे.

गेल्या दीड दशकात सार्वजनिक मालक पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे का सरकले, याची काही कारणे आहेत, आणि त्यांतले एक कारण औषधांशी नव्हे तर हिशेबाच्या वह्यांशी निगडित आहे. निवृत्तांना दिलेल्या आरोग्यलाभांच्या वचनाची किंमत सार्वजनिक संस्थांना आपल्या ताळेबंदात दाखवावी लागते. त्यांच्यासाठी हिशेबाचे नियम करणाऱ्या मंडळाने, म्हणजे गॅस्बीने, २००६ मध्ये स्पष्ट केले की केंद्राकडून येणारे २८ टक्क्यांचे अनुदान या दायित्वातून वजा करता येणार नाही. ते वेगळे उत्पन्न म्हणून दाखवावे. गट योजनेत मात्र मेडिकेअरचा वाटा योजनेच्या खर्चातच मुरतो, त्यामुळे पुढल्या अनेक वर्षांचे दायित्व कागदावर चांगलेच घटते. कर्जरोखे काढून रस्ते आणि जलशुद्धीकरण केंद्रे बांधणाऱ्या काउंटीला हा आकडा किती महत्त्वाचा असतो, हे आपल्याला मी सांगायला नको. दुसरे कारण औषध कंपन्यांच्या सवलतींचे. २०११ पासून पार्ट डीच्या मधल्या टप्प्यात, जिथे विम्याचे संरक्षण तुटत असे आणि ज्याला सगळे ‘डोनट होल’ म्हणत, ब्रँडेड औषधांवर कंपन्यांना आधी ५० आणि २०१९ पासून ७० टक्के सवलत द्यावी लागली. ती गट योजनांना मिळाली. अनुदान घेणाऱ्यांना मिळाली नाही.

तिसरे कारण आपल्या घरातल्या औषधांच्या कपाटापर्यंत येते. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या महागाई नियंत्रण कायद्याने पार्ट डीचा सांगाडाच बदलला. रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या वार्षिक खर्चावर २०२५ मध्ये २,००० डॉलरची मर्यादा आली आणि २०२६ साठी ती २,१०० डॉलर आहे. तेवढे झाले की वर्षअखेरपर्यंत योजनेच्या यादीतील औषधांना काहीच द्यावे लागत नाही. शिवाय, मेडिकेअरने औषध कंपन्यांशी थेट वाटाघाटी करून ठरविलेल्या किमती पहिल्या दहा औषधांना १ जानेवारी २०२६ पासून लागू होत आहेत, आणि योगायोग असा की त्या दहांत आपल्या घरातली तिन्ही महाग औषधे आहेत. तीस दिवसांच्या एलिक्विसची २०२३ मधली छापील किंमत ५२१ डॉलर होती, ती वाटाघाटीनंतर २३१ झाली. जार्डियन्स ५७३ वरून १९७ वर आले. एन्ब्रेल ७,१०६ वरून २,३५५ वर. या ठरलेल्या किमती पार्ट डीच्या योजनेत असणाऱ्यांना मिळतात, गट योजना त्यात धरून. ज्यांचा मालक जुने २८ टक्क्यांचे अनुदान घेतो त्यांच्या योजनेला त्या मिळत नाहीत. काउंटीने नेमके २०२६ हेच वर्ष का निवडले, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

म्हणजे काउंटीला फायदा आहे, यात शंका नाही. तो आपल्या खर्चाने होतो आहे का, एवढेच पाहायचे. ठरलेली को-पे पत्रात म्हटल्याप्रमाणे राहिली आणि तिच्यावर २,१०० डॉलरचे छत आले, तर आपल्या दोघांची बाजू जुन्या योजनेपेक्षा बळकट होते. हे छत प्रत्येकाचे स्वतंत्र असते, नवरा-बायकोचे मिळून एक नव्हे. २०२५ पासून एक बारकावाही आपल्या बाजूने आहे: मालकाने वरून भरलेली रक्कमही आता या मर्यादेच्या मोजणीत धरली जाते. त्यामुळे पत्नीच्या एन्ब्रेलसारख्या औषधात मर्यादा गाठली जाईल तेव्हा तिच्या स्वतःच्या खिशातून २,१०० पेक्षा बरेच कमी गेलेले असू शकते.

आपली भीती मात्र पोकळ आहे असे मी म्हणणार नाही, कारण तिसरी पद्धतही अस्तित्वात आहे. ओहायोच्या सार्वजनिक कर्मचारी निवृत्ती संस्थेने २०१६ पासून मेडिकेअरधारक निवृत्तांची गट योजनाच बंद केली; त्यांना खात्यात ठरावीक रक्कम मिळते आणि बाजारातली योजना ज्याची त्याने निवडायची असते. मेरिलँड राज्याचा प्रवास आणखी बोलका आहे. तेथील विधिमंडळाने २०११ मध्येच ठरविले की पार्ट डीमधील डोनट होल बुजले की राज्याने मेडिकेअरधारक निवृत्तांना औषधे देणे थांबवावे. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा, २०१८ मध्ये, निवृत्त न्यायालयात गेले, बदल स्थगित झाला, मध्यंतरी भरपाईच्या योजना कायद्यात आल्या, आणि अखेर २०२४ संपताना राज्याची योजना संपली. १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येकाला स्वतःची पार्ट डी योजना शोधावी लागली. आपल्यापैकी बरीच मंडळी मेरिलँडमध्ये आहेत, आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत कित्येकांच्या जेवणाच्या टेबलावर या योजनांच्या पुस्तिका पसरलेल्या होत्या. आपली काउंटी उद्या त्या वाटेने जाणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. नव्या कायद्याने मोठ्या खर्चाच्या टप्प्यात ब्रँडेड औषधांचा ६० टक्के भार योजनांवर टाकला आहे, पूर्वी मेडिकेअर तेथे ८० टक्के उचलत असे, त्यामुळे गट योजनाही काउंटीला फुकट पडत नाही. निवृत्तांची संघटना असेल तर तिचे सभासद व्हा, आणि लाभांचा विषय काउंटी मंडळाच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर केव्हा येतो याकडे लक्ष ठेवा. तथापि, उद्याच्या भीतीने आजची चांगली योजना सोडणे शहाणपणाचे नाही.

आता एजंटच्या प्रस्तावाकडे. पार्ट डीच्या दोन योजना एका म्यानात राहत नाहीत. आपण दुसऱ्या कोणत्याही पार्ट डी योजनेत, किंवा औषधांसह असलेल्या, मेडिकेअरचे लाभ खासगी विमा कंपनीमार्फत देणाऱ्या मेडिकेअर अॅडव्हांटेज योजनेत नाव नोंदविले, की मेडिकेअरची संगणकव्यवस्था आपल्याला काउंटीच्या गट योजनेतून आपोआप काढते. त्यासाठी वेगळा राजीनामा द्यावा लागत नाही आणि कोणी फोन करून ‘खात्री आहे ना?’ असे विचारत नाही. पुढचा धक्का त्याहून मोठा असतो: अनेक सार्वजनिक मालकांच्या नियमांत औषधयोजना सोडणाऱ्याचा निवृत्तांचा आरोग्यविमाही संपतो, कधी त्याच्याबरोबर जोडीदाराचाही, आणि पुन्हा आत येण्याची मुभा असतेच असे नाही. मेडिकेअर आपल्याला गट योजनेत परत यायला अडविणार नाही. अडवील ती काउंटी. आपल्या काउंटीचा नियम काय आहे, हे बेनिफिट्स ऑफिसला ई-मेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर मिळालेल्या आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही.

‘शून्य प्रीमियम’ या शब्दांचाही नीट हिशेब करावा. २०२६ मध्ये पार्ट डीच्या साध्या योजनेला ६१५ डॉलरपर्यंत डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम) ठेवता येते आणि त्यानंतर मर्यादा गाठेपर्यंत साधारण एक चतुर्थांश वाटा रुग्णाचा असतो. एन्ब्रेलच्या २,३५५ डॉलरवर हे गणित मांडून पाहा: पहिल्याच महिन्यात हजार डॉलरच्या वर रक्कम जाते आणि मार्चमध्ये २,१०० पूर्ण होतात. काउंटीच्या ठरावीक को-पेमध्ये हा खर्च वर्षभरात पसरलेला आणि बहुधा कितीतरी कमी असेल. मेडिकेअर अॅडव्हांटेज असेल तर डॉक्टरांचे जाळे, पूर्वपरवानगी आणि काउंटीच्या पूरक विम्याचा निरुपयोग, हे प्रश्न निराळे. एजंट माणूस वाईट असेल असे मी म्हणत नाही. त्याला काउंटीची योजना विकता येत नाही, आणि जे विकता येत नाही त्याची तो शिफारस करणार नाही, इतकेच. जर आपण घाईत एखाद्या अर्जावर सही केलीच असेल, तर ३१ डिसेंबरपूर्वी त्या कंपनीला फोन करून अर्ज रद्द करा. योजना लागू होण्याच्या आधी ते शक्य असते. आणखी एक सावधगिरी: काउंटीच्या जाड पाकिटात योजनेत राहायचे नसल्यास भरून पाठविण्याचा एक नकाराचा अर्ज असतो, कारण गट नोंदणीपूर्वी अशी सूचना किमान २१ दिवस आधी देणे काउंटीला बंधनकारक आहे. सगळे कागद भरून पाठविण्याची आपल्याकडे सवय असते. हा कागद भरू नका.

मित्राचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. जार्डियन्समधील एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपले आणि लगेच अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्याने किंमत धाडकन उतरली. एलिक्विसमधील अॅपिक्साबॅनचे पेटंट तिकडे २०२२ मध्येच संपले आहे. पुण्यातल्या औषधांच्या दुकानातील बिल पाहून कोणालाही वाटेल की अमेरिकेत आपण कशासाठी पैसे भरतो. परंतु या विचारात तीन गोष्टी सुटतात. पुण्यात घेतलेल्या औषधाचे पैसे पार्ट डी देत नाही आणि तो खर्च २,१०० डॉलरच्या मोजणीतही येत नाही. भारतातून औषध आणण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे धोरण कडक असून, स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांपुरत्या साठ्याकडे अधिकारी काणाडोळा करू शकतात. ती सवलत आहे, हक्क नव्हे, आणि तिच्यावर वर्षभराचे नियोजन उभे करू नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विमा आजच्या गोळ्यांसाठी कमी आणि उद्याच्या आजारासाठी अधिक असतो. वाटाघाटी झालेल्या त्याच दहा औषधांत इम्ब्रुविका नावाचे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध आहे, आणि वाटाघाटीनंतरही त्याचा महिन्याचा दर ९,३१९ डॉलर आहे.

संरक्षण सोडून पुढे परत आल्यास दंडही लागतो, आणि लोक त्यालाच सर्वांत जास्त घाबरतात. तोडीचे संरक्षण नसताना सलग ६३ दिवस किंवा त्याहून अधिक काळ गेला, तर अशा प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय पायाभूत प्रीमियमच्या एक टक्का रक्कम पार्ट डीच्या प्रीमियमवर कायमची वाढते. २०२६ साठी हा पायाभूत आकडा ३८.९९ डॉलर आहे; चाळीस महिने बाहेर राहणाऱ्याला दरमहा सुमारे १५.६० डॉलर जादा पडतील. प्रामाणिकपणे सांगायचे तर हा दंड सोसण्याजोगा आहे. सोसण्याजोगे नाही ते काउंटीचे अनुदानित संरक्षण कायमचे गमावणे, आणि त्या नुकसानीचा आकडा कोणत्याही सरकारी पत्रकात छापलेला नसतो.

आपण न विचारलेला एक मुद्दा उत्पन्नाच्या उल्लेखामुळे माझ्या लक्षात आला. अधिक उत्पन्न असणाऱ्यांना मेडिकेअरच्या पार्ट बीवर (डॉक्टरांच्या व बाह्यरुग्ण सेवांच्या विम्यावर) आणि पार्ट डीवर जो अधिभार द्यावा लागतो, ज्याला सारे ‘इर्मा’ म्हणतात, तो दोन वर्षांपूर्वीच्या कर विवरणपत्रावरून ठरतो. २०२६ साठी २०२४ चे उत्पन्न पाहिले जाईल, आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी त्याची सुरुवात २,१८,००० डॉलरच्या वर होते. आजवर आपण पार्ट डीमध्ये नव्हता, म्हणून त्यावरचा अधिभार आपल्याला माहीत नसेल. जानेवारीपासून गट योजनेमुळे आपण दोघे पार्ट डीमध्ये येता, आणि त्यामुळे पहिल्या पायरीवर प्रत्येकी दरमहा १४.५० डॉलर, शिवाय पार्ट बीवर प्रत्येकी ८१.२० डॉलर, अशी कपात दिसू शकते. योजनेचा प्रीमियम काउंटीने पूर्ण भरला तरी हा अधिभार सदस्याच्याच नावावर येतो. काही सार्वजनिक मालक त्याची भरपाई देतात. आपली काउंटी देते का ते विचारा. सुदैवाने निवृत्ती हे उत्पन्न घटण्याचे मान्य कारण आहे. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात एसएसए-४४ हा अर्ज, निवृत्तीचा पुरावा आणि २०२६ च्या अपेक्षित उत्पन्नाचा अंदाज देऊन आपण दोघांनीही स्वतंत्रपणे तो अधिभार काढून घेण्याची विनंती करू शकता, आणि आपण लिहिलेल्या आकड्यांवरून ती मान्य व्हावी. निर्णय होईपर्यंत मात्र रक्कम भरत राहा. पार्ट डीचा अधिभार थकला तर मेडिकेअर योजनेतून नाव काढते, आणि मग काउंटीच्या नियमांचे तेच चक्र पुन्हा फिरू लागते.

आता प्रवास. मला खरी काळजी वाटते ती इथे, कारण नवी योजना लागू होईल त्या दिवशी आपण पुण्यात असाल. पत्रात ‘काहीही करण्याची गरज नाही’ असे म्हटले आहे, ते घरी असणाऱ्यांपुरते खरे आहे. पार्ट डीची नोंदणी होताना मेडिकेअर क्रमांक किंवा कायमचा राहता पत्ता जुळला नाही, आणि नुसता पोस्ट बॉक्स यासाठी चालत नाही, तर योजना पत्र पाठवून माहिती मागते. त्याचप्रमाणे पासष्टी उलटल्यानंतरच्या काळात आपल्याला तोडीचे संरक्षण होते का, असे विचारणारे पत्र जानेवारी-फेब्रुवारीत येऊ शकते; त्याला मुदतीत उत्तर गेले नाही तर विनाकारण दंड बसतो. तेव्हा क्रेडिटेबल कव्हरेजची ती जुनी नोटीस आणि पत्नीच्या नोकरीतील विम्याचा पुरावा यांची छायाचित्रे फोनमध्ये ठेवा, टपाल उघडून वाचण्याची परवानगी मुलाला किंवा विश्वासू शेजाऱ्याला द्या, आणि निघण्यापूर्वी बेनिफिट्स ऑफिसकडून दोघांचेही पत्ते व मेडिकेअर क्रमांक बरोबर असल्याची खात्री करून घ्या. नवे कार्ड डिसेंबरच्या उत्तरार्धात येईल, म्हणजे ते आपल्या हाती पडणार नाही; त्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागवून घ्या.

गोळ्यांचे सोपे आहे. जुनी योजना ३१ डिसेंबरपर्यंत चालू आहे, म्हणून निघण्यापूर्वी नव्वद दिवसांचा साठा तिच्यातून घ्या आणि उरलेल्या सव्वा महिन्यासाठी दीर्घ प्रवासाचे कारण सांगून जादा साठ्याची परवानगी मागा. फार्मसीत याला ‘व्हेकेशन ओव्हरराइड’ म्हणतात आणि बहुतेक योजनांत ती मिळते. अॅपिक्साबॅन मध्येच थांबविल्यास रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा ते एक दिवसही संपू देऊ नका. साठा कमी पडलाच तर पुण्यातील डॉक्टरांकडून तेच औषध, त्याच मात्रेत, लिहून घ्या.

एन्ब्रेलचे मात्र सोपे नाही. अशी महाग विशेष औषधे बहुतेक योजना एका वेळी तीस दिवसांचीच देतात, ती थंड ठेवावी लागतात, आणि चार महिन्यांची सतरा-अठरा इंजेक्शने घेऊन विमानात बसण्याची परवानगी मिळेलच असे नाही. भारतात एन्ब्रेलमधील एटॅनरसेप्टची बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखीच पण दुसऱ्या कंपन्यांनी बनविलेली, रूपे उपलब्ध आहेत, परंतु तात्पुरता बदल करायचा की नाही, हे पत्नीच्या संधिवाततज्ज्ञांनीच ठरवावे. ही भेट निघण्यापूर्वी घ्या, पुण्याहून ई-मेलवर नको. त्याच भेटीत आणखी एक काम उरकून घ्या. वाटाघाटी झालेली औषधे पार्ट डीच्या योजनांना आपल्या यादीत ठेवावीच लागतात, परंतु त्यांना पूर्वपरवानगीची अट घालता येते, आणि जुन्या योजनेने दिलेली परवानगी नव्या योजनेला बांधील नसते. नव्या सदस्याला पहिल्या नव्वद दिवसांत, परवानगीविना, एक महिन्याचा तात्पुरता साठा मिळण्याची तरतूद आहे. आपण एप्रिलच्या मध्याला याल तेव्हा ही मुदत नुकतीच टळलेली असेल. म्हणून डॉक्टरांच्या कार्यालयाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच नव्या योजनेकडे परवानगीचा अर्ज करावा, अशी नोंद आताच करून घ्या. योजनेने साध्या अर्जावर ७२ तासांत आणि तातडीच्या अर्जावर २४ तासांत निर्णय द्यायचा असतो. नकार आला तर ६५ दिवसांत फेरविचार मागता येतो, आणि तेथेही यश न आल्यास प्रकरण योजनेबाहेरच्या स्वतंत्र तपासणीकडे जाते. हे हक्क मेडिकेअरचे आहेत. काउंटीच्या जुन्या योजनेत ते या स्वरूपात नव्हते.

नकाराचे पत्र घराच्या पत्त्यावर येईल आणि ६५ दिवस पत्रावरील तारखेपासून मोजले जातात, तेव्हा निघण्यापूर्वी योजनेकडील प्रतिनिधी-नियुक्तीचा अर्ज दोघांनीही भरून मुलाच्या नावे देऊन ठेवा, म्हणजे तो आपल्या वतीने फोनवर बोलू शकेल आणि फेरविचाराचा अर्जही करू शकेल.